येळवशीचे बोलावणे

आमच्या धाराशिव जिल्ह्यात परमुलखातून बदलून आलेल्या माणसाची एक फजिती ठरलेली असते. दिवाळी होऊन दोन महिने लोटलेले असतात, थंडी चांगली पडलेली असते, आणि असा मनुष्य एके दिवशी सकाळी चहासाठी घराबाहेर पडतो. टपरी बंद असते. किराणा दुकान बंद, न्हाव्याचे दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. रस्त्यावर माणूस नाही; चौकात कुत्री तेवढी उन्हाला पसरलेली. बिचाऱ्याला वाटते, रात्रीतून कुठे दंगल झाली असावी आणि आपण झोपेत असताना संचारबंदी पुकारली गेली असावी.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी विदर्भातून आमच्या शाळेत आलेल्या एका शिक्षकबंधूंचे असेच झाले. ते धास्तावून माझ्या दारी आले, तेव्हा मी डोक्यावर टोपले घेऊन बाहेर पडत होतो.

"गुरुजी, गावाला झाले तरी काय?" त्यांनी विचारले.

"गाव रानात गेले आहे," मी म्हणालो. "तुम्हीही चला."

ते आले. आमच्या रानात जेवले. तेथून उठून बांधावर पाय ठेवतात तोच शेजारच्या शेतातून हाक आली. तेथून सुटले, तर तिसऱ्याने हाताला धरून नेले. दिवस मावळेपर्यंत त्यांची पाच शेतांत पाच जेवणे झाली होती. रात्री पोटावर हात ठेवून ते मला म्हणाले, "तुमच्याकडे अनोळखी माणसाचा असाच छळ करतात काय?" मी म्हटले, "वर्षातून एकदाच."

वाचकांपैकी जे आमच्याकडचे आहेत, त्यांनी एव्हाना ओळखले असेल की मी येळवशीविषयी बोलतो आहे. मार्गशीर्षातली अमावास्या, ती आमची येळवस. कागदोपत्री तिला वेळा अमावास्या म्हणतात. धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांबाहेरच्या मराठी माणसाला हा सण सहसा ठाऊक नसतो. लातूर तरी आमच्यापासून वेगळे झाले ते १९८२ साली. त्याआधी एकच जिल्हा होता. मात्र सरहद्द ओलांडून बीदर किंवा कलबुर्गीकडे गेलात, तर हीच अमावास्या तिकडे 'एळ्ळ अमावास्या' म्हणून भेटते. कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. पूर्वी आम्ही सारे निजामाच्या हैदराबाद संस्थानात एकत्र नांदत होतो. १९५६ मध्ये भाषेप्रमाणे राज्ये पाडली गेली आणि आमच्यामधून रेघ गेली. त्या रेघेने कचेऱ्या वेगळ्या झाल्या, शाळांतली पुस्तके वेगळी झाली. आंबील मात्र दोन्हीकडे त्याच दिवशी आंबत राहिली.

सण तसा साधा आहे. आदल्या रात्री घरातल्या बायका झोपत नाहीत. तूर, वाटाणा, हरभरा, वाल अशा कोवळ्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची चिंच व बेसन घालून एक भाजी शिजते. तिला भज्जी म्हणतात. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आधीपासूनच आंबत ठेवलेली असते. तिला लसणाचा वास सुटलेला असतो. बाजरीचे उंडे, भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर हे सारे टोपल्यात भरायचे, आंबिलीची बिंदगी डोक्यावर घ्यायची आणि घराला कुलूप लावून रानाची वाट धरायची. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली असते. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे. ते पाच पांडव. त्यांची पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, मग आंबील आणि भज्जी उभ्या पिकात शिंपडत शेताला फेरी घालायची. ज्वारी त्या वेळी पोटऱ्यांत असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. भुईला डोहाळे लागलेले असतात म्हणा ना. तिचे डोहाळजेवण करायचे. मग आपण जेवायचे. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन पोरे शेताभोवती धावतात आणि सण संपतो.

यहुदी लोकांचा असाच एक सण आहे, हे मी पुढे केव्हातरी वाचले. हंगामाच्या अखेरीस ते डहाळ्यांची एक खोपी उभारतात, सात दिवस तिच्यात जेवतात आणि तिच्यात पाहुणा बोलावणे हे पुण्याचे मानतात. आमच्या कोकणात शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्राएल याच लोकांपैकी. ते वाचल्यावर मला मोठे बरे वाटले. पीक हाताशी आले की मनुष्याला घर सोडून गवताकाडीच्या छपराखाली बसावेसे वाटते आणि एकट्याने जेववत नाही, हे आमच्यापुरतेच नाही तर!

येळवशीचा खरा कायदा पूजेत नाही, तो हाकेत आहे. कोपीपुढून जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारल्यावाचून राहायचे नाही; आणि हाक आली की 'पोट भरले आहे' असे म्हणायचे नाही. एरवी बांधावरून ज्यांची कोर्टात तारीख चालू आहे, असे दोन भाऊबंद त्या दिवशी एकमेकांची आंबील पितात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तालुक्याला तारखेला जातात, हा भाग निराळा.

आमच्या शाळेत भिंतीवर मूल्यांचा एक तक्ता टांगलेला आहे. सकाळच्या परिपाठात मी त्यातले एकेक मूल्य मुलांना समजावून सांगतो. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता. एकदा येळवशीच्या आदल्या दिवशी एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, ह्यातलं उद्याचं कुठलं?" मी तक्त्याकडे पाहिले आणि काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्याचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. चार माणसांनी मिळून जपलेले मूल्य म्हणजे नक्की काय, हे तक्त्यावरून कळत नाही. ते पंगतीत कळते. आणि पंगतीत बसल्यावर जे कळते ते नेहमीच अभिमानाने सांगण्यासारखे नसते.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमची तेव्हा थोडी जमीन होती आणि एक सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढच्या पाडव्याला सुटायचे. पण हा गडी मला आठवते तेव्हापासून आमच्याकडेच होता. आम्ही पोरे त्याला मामा म्हणत असू. त्याचा थोरला मुलगा माझ्या बरोबरीचा. आम्ही दोघे एकाच बोरीखाली बोरे वेचायचो, एकाच विहिरीच्या थारोळ्यावर बसून पाय हलवायचो. आमची कोप दर वर्षी मामाच बांधायचा. पेंढ्या कशा टेकवायच्या, आत चार माणसे बसली तरी कोप कलू नये म्हणून काय करायचे, हे त्याच्यासारखे कुणाला येत नसे.

मग जेवणे व्हायची. कोपीपुढे आमची पंगत. वाटसरू, पाहुणे, शाळेचे मास्तर, तलाठी, सारे त्या पंगतीत. मामा, मामी आणि त्यांची मुले विहिरीच्या पलीकडे लिंबाखाली बसत. आमचे आटोपले की आई तिकडे टोपले घेऊन जाई. ती हात आखडून वाढणारी नव्हती. आमच्यापेक्षा दोन उंडे त्यांना जास्तच पडत. पण भाकरी ती वरून सोडी आणि आंबील उंचावरून ओती. मामी खाली तांब्या धरी. त्या धारेचा थेंबही इकडे तिकडे उडत नसे, इतका दोघींचा हात बसलेला होता.

मामा आमच्या जातीचा नव्हता. एवढे सांगितले की मराठी वाचकाला पुढचे सांगावे लागत नाही.

मला त्यात त्या वेळी काही वावगे वाटत नसे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला हात धरून पंगतीत बसवायचे आणि ज्याने कोप बांधली त्याला लिंबाखाली बसवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच रानात, एकाच प्रेमळ बाईच्या हातून घडत. दोन्हीला आम्ही 'रीत' हा एकच शब्द वापरत होतो.

पुढे १९९३ साल आले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जगाने त्याला किल्लारीचा भूकंप म्हटले. पण किल्लारीइतकेच सास्तूरचे आणि आमच्या तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या कितीतरी गावांचे ते मरण होते. सरकारी आकड्याप्रमाणेच सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्याकडची घरे दगडाची. भिंती हात-दोन हात जाडीच्या, दगड मातीत रचलेले, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ही घरे गार राहत, आणि ज्याचे घर असे, त्याला गावात मान असे. त्या पहाटे ही मानाची घरेच माणसांवर बसली. ज्यांना दगडी घर परवडत नव्हते, कुडाच्या भिंती आणि हलके छप्पर एवढ्यावर ज्यांनी दिवस काढले होते, त्यांची घरे हलली आणि पुष्कळदा उभी राहिली.

मामाचे घर कुडाचे होते. तो कुदळ घेऊन अंधारातून आमच्या वाड्यापाशी आला. त्याने आणि त्याच्या थोरल्याने दगड उपसले. आधी मला काढले, मग आईला, मग वडिलांना. उजाडल्यावर आजी सापडली. ती गेली होती. मामाने तिला दोन्ही हातांवर उचलून अंगणात आणले आणि तिच्या तोंडावरची माती स्वतःच्या पटक्याने पुसली. त्या वेळी कुणाचा हात कुणाला लागला, हे कुणी पाहिले नाही.

पुढचे महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले. ट्रकमधून अन्न येई आणि सारे गाव एका रांगेत उभे राही. त्या वर्षीची येळवस १९९४ च्या जानेवारीत आली. आजीला वर्ष व्हायचे होते, घरोघरी तीच गत होती, तेव्हा सण करायचा की नाही यावर शेडपुढे शेकोटीपाशी बोलणे निघाले. कोणी म्हणाले, ज्या भुईने आपली माणसे गिळली तिलाच कसे जेवू घालायचे? माझे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भुईवर रुसून कुठं जायचं? दुसरी हाय का आपल्याला?"

कोप बांधली. भांडी सरकारने दिलेली होती. बिंदगी नव्हती म्हणून आंबील ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नेली. गोडधोड केले नाही. आमच्या कोपीपुढे त्या दिवशी एकच पंगत बसली. मामा वडिलांच्या शेजारी बसला होता आणि आई त्याच पळीने, त्याच उंचीवरून सर्वांना वाढत होती. मी तेरा वर्षांचा होतो. मला वाटले, जे पडायचे होते ते पडले, आता हे असेच राहणार.

राहिले नाही. त्याच्या पुढच्या येळवशीला की त्याच्याही पुढच्या, हे मला नक्की आठवत नाही, पण एका वर्षी जेवणे झाल्यावर आई टोपले घेऊन विहिरीच्या पलीकडे निघाली. मामी तांब्या घेऊन उभीच होती. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते. तोवर गावाचे पुनर्वसन होऊन नवी घरे झाली होती, त्यांच्या गल्ल्याही पूर्वीसारख्याच जातवार पडल्या होत्या. पंगतही तशीच आपोआप आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. मी ते पाहिले. मला ते या खेपेस वावगे वाटले, हेही खरे. ज्या माणसाने मला दगडांखालून ओढून काढले, तो लिंबाखाली भाकरी झेलत होता. मी आंबिलीचा पेला तोंडाला लावला आणि बोललो नाही. भूकंपाविषयी मी पुढे पुष्कळ लिहिले, कादंबरीही लिहिली. पण हे आजवर लिहिले नव्हते.

आता तिसरी येळवस सांगतो आणि संपवतो.

आमच्या जिल्ह्याचे नाव अलीकडे वर्तमानपत्रांत येते ते बहुधा तुळजाभवानीमुळे, नाहीतर दुष्काळामुळे. २०१२-१३ चा दुष्काळ वाचकांना आठवत असेल. त्याच सुमारास वडील आजारी पडले. विहीर आटली होती, दवाखान्याचा खर्च आटत नव्हता. जमीन तालुक्यातल्या एका व्यापाऱ्याला विकली. जमीनही गेली आणि वडीलही गेले. मामा त्याच्या आधीच दोन वर्षे गेला होता. मी आईला घेऊन नोकरीच्या गावी आलो.

पुढची येळवस २०१४ सालच्या पहिल्याच दिवशी होती. जिल्ह्यात अलीकडे या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, त्यामुळे शाळा बंद होती. पहाटेपासून गल्लीतून मोटारसायकली, टमटम, बैलगाड्या रानाकडे चालल्या होत्या. पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली मुले डोळे चोळत टोपली उचलत होती. नऊ वाजेपर्यंत गल्ली निर्मनुष्य झाली. परगावचा माणूस त्या दिवशी एकटा पडत नाही. त्याला दहा बोलावणी असतात. मलाही होती. पण ज्याचे रान गेले, त्याला दुसऱ्याच्या रानात जाणे किती जड जाते, हे ते गेल्यावाचून कळत नाही. सर्वांना मी काहीतरी निमित्त सांगितले होते. दार आतून लावून आम्ही दोघे बसलो होतो. आईने नेहमीसारखा वरण-भात केला होता. आम्ही दोघेही त्या ताटांकडे पाहत नव्हतो.

दाराशी मोटारसायकल थांबली. मामाचा थोरला होता.

"गुरुजी, घरात का बसलाव? कोप झाली, आवरा बगू. अक्कालाबी घ्या."

मला कळेना. मी म्हणालो, "कुठल्या रानात?"

"आपल्याच की." मग माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "बटईनं मी करतो आता. व्यापारी कशाला नांगर धरतंय?"

"अरे, पण रान आता त्याचे…"

"रान कुणाचं का असंना, पांडव मांडायचं म्या. मायनं आंबील तर ढीगभर करून ठिवलीया. पाव्हणं नगं व्हय प्यायला?"

यात उपकाराचा सूर नव्हता. जुन्या गोष्टींची आठवण नव्हती, मोठे मन दाखवण्याचा प्रयत्न नव्हता. आंबील जास्त झाली होती आणि पाहुणा हवा होता. मी आजवर अनेक भाषणे ऐकली आणि स्वतःही केली आहेत. पण इतक्या साधेपणाने मला कोणी कुठे बोलावल्याचे आठवत नाही. नाही म्हणायला त्याने मला जागाच ठेवली नाही. येळवशीची हाक होती.

आई काही न बोलता उठली. तिने लुगडे बदलले. वरण-भात झाकून ठेवला.

रान होते तसेच होते. लिंब होता, विहीर होती. कोपीच्या पेंढ्या बापासारख्याच टेकवलेल्या होत्या; मी हात लावून पाहिले, हलत नव्हत्या. जमिनीचा मालकही दुपारी गाडीतून बायकोमुलांसह आला. शेजारच्या शेतातली दोन-तीन माणसे आली, रस्त्याने जाणारा एक दूधवाला आला. कोपीपुढे सतरंजी अंथरली होती. थोरल्याने आम्हा सर्वांना वाढले आणि मग आपले ताट घेऊन तो माझ्या शेजारी येऊन बसला. बसताना त्याने कोणाकडे पाहिले नाही. मामी आंबिलीचे भांडे घेऊन पंगतीतून फिरत होती. फिरत फिरत ती आईपाशी आली.

आई तेव्हा साठीच्या पुढची. तिने मामीच्या हातचे कधीच काही घेतले नव्हते. मामीने पेला भरला आणि तिच्यापुढे धरला. वरून ओतला नाही, हातात दिला. मी माझ्या ताटातल्या भज्जीकडे पाहत राहिलो. चौदाव्या वर्षी गप्प बसलो होतो, तसाच चौतिसाव्या वर्षीही बसलो. मला भीती वाटत होती, की आई उपास सांगेल, दातांचे दुखणे सांगेल, काहीतरी सांगेल, आणि ते सारे जण खरे मानल्यासारखे करतील.

आईने पेला घेतला. एक घोट घेतला. जिभेवर घोळवला. मग म्हणाली, "मीठ कमी पडलंय गं."

मामी हसली. "तुमचं बगून बगूनच शिकले की, अक्का. तुमचीबी अळणीच असायची."

पंगत हसली. आईसुद्धा हसली. तिने मीठ मागून घेतले आणि दुसरा पेला प्यायली.

या प्रसंगाला मी वाढवून सांगणार नाही. त्यानंतर आमच्या घरात सारे बदलले, असेही म्हणणार नाही. आईच्या मनात त्या घोटाबरोबर काय झाले ते तिने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण स्वयंपाकाला नावे आपण कोणाच्या घरी ठेवतो? परक्याच्या घरी 'छान झाले' म्हणून उठतो. मीठ कमी पडल्याचे आपल्या माणसालाच सांगतो.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे, की रीत ही कोपीसारखी असते. आपण म्हणतो ती पूर्वजांनी दिली. पण कोप दर वर्षी नव्याने बांधावी लागते, आणि बांधणारा कोण यावर ती कोणाला आत घेईल ते ठरते. अनोळख्याला जेवू घालण्याची रीत आमच्या आईबापांनी आम्हाला दिली, आणि लिंबाखालची पंगतही त्यांनीच दिली. पहिली दुसरीच्या आड लपलेली होती. भूकंपासारखा भूकंपही त्या दोन्हींना एका हिवाळ्यापुरतेच वेगळे करू शकला. ते काम शेवटी एका बटईदाराने केले, आणि तेही काही फार मोठे करतो आहोत असे न समजता. त्याने रीत मोडली नाही. ती फक्त पुरती पाळली; कोपीपुढून जाईल त्या प्रत्येकाला हाक मारायची, इतकेच. ती आमच्या घराने कधी पुरती पाळलीच नव्हती.

आता पुष्कळ काही बदलते आहे. सोयाबीन वाढले, ज्वारी कमी झाली. कोपीसाठी कडबा विकत आणावा लागतो, नाहीतर साड्या बांधून भागवतात. आंबीलही आता कॅनमधून रानात जाते. रानात पाऊल ठेवताच मुले फोनवर फोटो काढून पुण्या-मुंबईच्या भावंडांना पाठवतात. याचे मला फारसे दुःख नाही. बिंदगी जाऊन कॅन आला म्हणून आंबिलीची चव जात नाही. चव जाते ती कोपीपुढून जाणारा माणूस ओळखीचा आहे की नाही हे पाहून मग हाक मारू लागलो तर.

शाळेतल्या त्या मुलाला मी उत्तर देऊ शकलो नव्हतो. तो आता मोठा झाला, कुठे आहे कोण जाणे. भेटला तर त्याला सांगेन, की तक्त्यावर नसलेले एक मूल्य आहे, ते पळीच्या उंचीवरून मोजतात.

दिवाळीचे फटाके आणि फराळ आटोपला की वाचकहो, पंचांग उघडून मार्गशीर्षाची अमावास्या पाहून ठेवा. त्या दिवशी धाराशिवकडे येणे झाले, आणि गाव ओस दिसले, तर घाबरू नका. सरळ रानाच्या वाटेला लागा. आमच्या जुन्या रानात लिंब आहे, विहीर आहे. मामी आता थकली, आंबील सून करते. आईसुद्धा थकली आहे, पण अजून येते, आणि अजून म्हणते, मीठ कमी आहे.